पुरात आभाळातून येणारी माणसे



या पानावर आम्ही दर अंकात बेणे, खत, पाण्याच्या पाळ्या, हुमणी, खोडकीड असे काही ना काही लिहीत असतो. या खेपेस विषय वेगळा घेतला आहे. पावसाळा तोंडावर आला आहे आणि आपल्या कार्यक्षेत्रातली बरीचशी गावे नदीकाठची आहेत. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन सालांनी आपल्याला काय दाखवले ते सांगायला नको. उसाच्या शेंड्यावरून पाणी गेलेले आपण पाहिले. त्याच पाण्यावर घोंघावत आलेले हेलिकॉप्टरही पाहिले. लहान पोरे टाळ्या पिटत होती, मोठी माणसे हात जोडत होती.

पण त्या यंत्रात बसलेला माणूस कोण असतो, तो काय करतो, त्याला कशाची भीती असते आणि आपल्या वागण्याने त्याचे काम सोपे होते की अवघड, याची माहिती आपल्याकडे फार थोडी आहे. ती व्हावी म्हणून हा लेख. त्यासाठी आम्ही मुंबईच्या बोरिवलीच्या एका वैमानिकाचे उदाहरण घेतले आहे. त्यांचे नाव विंग कमांडर डॅरिल कॅस्टेलिनो.

बोरिवलीचा माणूस

बोरिवली, अंधेरी, मुलुंड, घाटकोपर ही नावे आपल्याला परकी नाहीत. आपल्यापैकी पुष्कळांचा भाऊ, मेहुणा किंवा मुलगा तिकडे नोकरीला आहे. कोणी माथाडीत, कोणी बेस्टमध्ये, कोणी कारखान्यात. गणपतीला आणि जत्रेला ही मंडळी गावी येतात. त्यामुळे २६ जुलै २००५ चा दिवस त्यांच्या तोंडून आपण ऐकलेला आहे. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. आपल्या हिशेबात सांगायचे तर एका एकरावर सुमारे ३८ लाख लिटर पाणी. सुरू उसाला वर्षभरात २५० सेंटिमीटर पाणी लागते असे आपण धरतो. त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पाणी मुंबईच्या उपनगरांवर एका दिवसात पडले. मिठी नदी, दहिसर नदी, सगळे नाले एक झाले. माणसे गाड्यांत अडकून बुडाली, साकीनाक्याला दरड कोसळून माणसे गेली.

म्हणजे पूर काय असतो हे बोरिवलीच्या माणसाला माहीत आहे. त्याच बोरिवलीचे कॅस्टेलिनो हवाई दलात हेलिकॉप्टरचे वैमानिक होते. २०१३ साली ते बंगालमधल्या बराकपूरच्या तळावर होते आणि तिथून त्यांची रवानगी झाली ती हिमालयात, उत्तराखंडच्या पुरात. बोरिवलीचा माणूस, बंगालची नेमणूक आणि काम केदारनाथला. संकट कोणाच्या गावचे आहे हे विचारण्याची सोय या नोकरीत नसते.

केदारनाथला काय झाले

जून २०१३ मध्ये हिमालयात पावसाने वेळेआधी आणि भलत्याच जोराने हजेरी लावली. केदारनाथच्या वरच्या अंगाला चोराबारी नावाची हिमनदी आहे. तिच्याजवळच्या संशोधन केंद्रात १५-१६ जूनच्या चोवीस तासांत ३२५ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. एवढ्या उंचीवर असा पाऊस पडला की साठलेले बर्फही वितळते आणि पाणी आणखी वाढते. हिमनदीच्या शेजारी दगडमातीच्या नैसर्गिक बांधाने अडवलेला एक लहान तलाव होता. १७ जूनच्या सकाळी तो फुटला.

पाझर तलावाचा बांध फुटला तर खालच्या शिवाराचे काय होते हे आपण जाणतो. इथे तर तलाव डोंगराच्या माथ्याशी आणि खाली अरुंद दरी. पाण्याबरोबर घराएवढे दगड आले. देवळाच्या मागे एक प्रचंड शिळा येऊन अडली आणि प्रवाह दुभंगला, म्हणून मूळ मंदिर वाचले. भोवतालची धर्मशाळा, दुकाने, घरे मात्र गेली. वाटेवरचे रामबाडा हे ठिकाण तर जवळजवळ पुसले गेले. गौरीकुंडापासून वर जाणारी पायवाट तुटली, खालचे रस्ते आणि पूल वाहून गेले. यात्रेचा ऐन मोसम असल्याने देशाच्या सगळ्या भागांतले यात्रेकरू तिथे होते, त्यांत आपल्या महाराष्ट्रातलेही पुष्कळ होते. मेलेल्या आणि बेपत्ता माणसांची संख्या पुढे पाच हजारांच्या वर गेली. डोंगरांत अडकलेली माणसे एक लाखाच्या आसपास होती.

पायवाट नाही, रस्ता नाही, होडी चालत नाही. उरली फक्त आभाळाची वाट.

एक टोळी, अनेक हात

लष्कर, इंडो-तिबेट सीमा पोलीस, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल म्हणजे एनडीआरएफ आणि हवाई दल हे सगळे कामाला लागले. हवाई दलाच्या मोहिमेचे नाव होते 'ऑपरेशन राहत'. पहिल्या टप्प्यात हवाई दलाने २,१४० उड्डाणे केली, सुमारे १९,६०० माणसे उचलून आणली आणि ३,८२,४०० किलो सामान पोचवले.

हे आकडे वाचताना आपल्याला एक गोष्ट पटेल. उसाची तोड म्हणजे केवळ कोयता चालवणे नव्हे. टोळी, मुकादम, ट्रॅक्टर, डिझेल, चिठ्ठी, वजनकाटा, गव्हाण हे सगळे एका ओळीत चालले तरच गाळप चालते. मधली एक कडी तुटली की ऊस फडात वाळतो. हेलिकॉप्टरचेही तसेच आहे. डोंगरात पहिली अडचण आली ती इंधनाची. रस्ते तुटल्यामुळे टँकर वर जाईनात. तेव्हा हवाई दलाने सी-१३० हे मोठे विमान धरासूच्या आखूड धावपट्टीवर उतरवले, त्याच्या टाक्यांतले इंधन काढून हेलिकॉप्टरांना दिले. गौचरच्या धावपट्टीवर एमआय-२६ या अवजड हेलिकॉप्टरने इंधन नेले. छपरावरून माणूस उचलणारा जवान आपल्या डोळ्यांना दिसतो. त्याच्या मागे इंधन भरणारा, यंत्र तपासणारा, हवामान सांगणारा असे कितीतरी हात असतात, ते दिसत नाहीत.

यंत्र कसे चालते आणि कुठे अडते

कॅस्टेलिनो चालवत होते ते हेलिकॉप्टर एमआय-१७ व्ही-५ जातीचे. दोन इंजिने, वर पाच पात्यांचा पंखा, पंख्याचा घेर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे २१ मीटर, म्हणजे ७० फूट. स्वतःचे वजन, इंधन, माणसे, सामान सगळे धरून जास्तीत जास्त १३,००० किलो वजन घेऊन ते उडू शकते. म्हणजे १३ टन. हंगामात आपल्या एका डबल ट्रॉलीवर याहून जास्त ऊस असतो. एवढे मोठे दिसणारे यंत्र, पण त्याच्या ओझ्याला अशी मर्यादा आहे, हे ध्यानात ठेवावे. माणूस चढताना 'हे गाठोडे तेवढे घेऊ द्या' म्हणतो, तेव्हा त्या गाठोड्याच्या वजनाने दुसऱ्या कोणाच्या पोराची जागा जाते.

पंखा फिरतो, हवा जोराने खाली ढकलतो आणि त्या जोरावर यंत्र वर उचलले जाते. याचा अर्थ असा की पात्याला पकड मिळते ती हवेची. आपल्या विहिरीवरच्या पंपाचे बघा. फुटव्हॉल्व्ह गळून पाईपात हवा शिरली की मोटार नुसती घोंघावते, पाणी चढत नाही. पंखा तोच, वीज तीच, पण धरायला पाणी नाही. हेलिकॉप्टरलाही उंचावर तसेच होते. केदारनाथ समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५८० मीटर उंच आहे. तिथली हवा किनाऱ्यावरच्या हवेपेक्षा जवळजवळ ३० टक्के विरळ असते. तेवढीच पाती, तेवढाच वेग, पण उचल कमी. म्हणून डोंगरात ओझे कमी घ्यावे लागते आणि फेऱ्या वाढतात. उन्हाने हवा तापली तरी ती विरळ होते, म्हणून शक्य तेवढे काम सकाळी उरकण्याकडे वैमानिकांचा कल असतो.

दुसरी अडचण दरीची. केदारनाथची दरी अरुंद आहे. दोन्ही बाजूंना उभे डोंगर, मध्ये मंदाकिनी. पावसात ढग दरीतच उतरतात आणि बघता बघता पुढचे दिसेनासे होते. मोकळ्या मैदानावर वैमानिकाला डावी-उजवीकडे वळायला जागा असते. दरीत मागे फिरायलाही पुरेशी जागा लागते आणि ती नेहमी मिळते असे नाही.

तिसरी अडचण तारांची. विजेच्या आणि टेलिफोनच्या तारा, नदी ओलांडायला बांधलेले लोखंडी दोर हे वरून शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाहीत. ही अडचण डोंगरात जेवढी, तेवढीच आपल्या शिवारात आहे.

अशा यंत्रात सहसा दोन वैमानिक असतात. त्यांच्या पाठीशी असतो उड्डाण अभियंता. इंजिनाचे तापमान, इंधन, वजन यांच्यावर त्याची नजर. आणि एक जण दाराशी. त्याला आपण दारावरचा माणूस म्हणू. दोरीचा पाळणा सोडणे, माणूस वर घेणे, मागचे पाते झाडाला लागत नाही ना हे पाहणे आणि वैमानिकाला 'जरा डावीकडे, आणखी दोन फूट, थांबा' असे सांगत राहणे हे त्याचे काम. यंत्राच्या बरोबर खाली काय चालले आहे ते वैमानिकाला दिसत नाही. दारावरचा माणूस त्याचे डोळे असतो. छप्पर कितीही लहान असो, या दोघांचा एकमेकांवर विश्वास असल्याशिवाय माणूस वर येत नाही.

ऑगस्ट २०१८ मध्ये केरळच्या महापुरात नौदलाच्या कमांडर विजय वर्मा यांच्या हेलिकॉप्टरने दिवस भरलेल्या एका बाईला दोरीने असेच वर घेतले. त्याच दिवशी ती सुखरूप बाळंत झाली. पुढे एका घराच्या गच्चीवर मोठ्या अक्षरांत 'आभार' लिहिलेले वरून दिसले. अशी उदाहरणे आपण ऐकतो आणि वाटते की हे काम ठरल्यासारखे होतच असणार. २५ जून २०१३ चा दिवस सांगतो की तसे नसते.

२५ जून २०१३

त्या दिवशी मोहिमेला आठवडा उलटून गेला होता. केदारनाथमधली जिवंत माणसे बहुतेक खाली आणली गेली होती. वर राहिले होते ते मृतदेह. त्यांना अग्नी देणे जरुरीचे होते, रोगराईसाठीही आणि माणुसकीसाठीही. पण वर लाकूड नव्हते. कॅस्टेलिनो यांचे हेलिकॉप्टर गौचरहून गुप्तकाशी आणि तिथून केदारनाथ असे गेले. अंत्यविधीचे सरपण आणि सामान वर पोचवायचे काम होते.

परत येताना गौरीकुंडाच्या उत्तरेला दरीत ते हेलिकॉप्टर कोसळले. आत वीस जण होते. एकही वाचला नाही.

पाच जण हवाई दलाचे: विंग कमांडर डॅरिल कॅस्टेलिनो, फ्लाइट लेफ्टनंट के. प्रवीण, फ्लाइट लेफ्टनंट तपन कपूर, ज्युनियर वॉरंट ऑफिसर ए. के. सिंह आणि सार्जंट सुधाकर यादव. नऊ जण एनडीआरएफचे. त्यांत महाराष्ट्राचे दोन जवान होते, शशिकांत पवार आणि गणेश अहिरराव. सहा जण इंडो-तिबेट सीमा पोलीस दलाचे. हे पंधरा जवान केदारनाथमध्ये राहून लोकांना बाहेर काढत होते. बोरिवलीचा ख्रिस्ती वैमानिक, मराठी जवान, उत्तरेचे, दक्षिणेचे, सगळे एका यंत्रात.

कॅस्टेलिनो यांना मरणोत्तर कीर्ती चक्र देण्यात आले. शांततेच्या काळातल्या शौर्यासाठी देशात अशोक चक्राच्या खालोखाल या पदकाचा मान आहे. हवाई दलाचे तेव्हाचे प्रमुख एअर चीफ मार्शल एन. ए. के. ब्राउन स्वतः गौचरला गेले आणि शेवटचा माणूस खाली येईपर्यंत उड्डाणे थांबणार नाहीत असे त्यांनी आपल्या माणसांना सांगितले. उड्डाणे थांबली नाहीत.

सभासद बंधूंनो, शौर्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एखादी उडी, एखादा धाडसाचा क्षण येतो. आम्हाला या प्रकरणात दिसते ते वेगळे आहे. हा माणूस काल गेला होता, आज गेला आणि वाचला असता तर उद्याही गेला असता. दरी तीच, ढग तेच, धोका त्याला आपल्यापेक्षा शंभर पटींनी ठाऊक. आणि शेवटची फेरी होती ती ज्यांची नावे त्याला माहीत नव्हती अशा मेलेल्या माणसांना अग्नी मिळावा यासाठी. आपल्या खेड्यात मर्तिकाला सरपण कमी पडले तर शेजारी भांडण विसरून आपल्या परसातले लाकूड आणून देतो. या माणसांनी तेच केले, फक्त ते ३,५८० मीटरवर नेऊन दिले.

आता आपल्या गावाकडे

हे सगळे सांगण्याचे कारण आता सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीच्या पुरात पश्चिम महाराष्ट्रात चार लाखांहून जास्त माणसे हलवावी लागली. त्या वेळी सुटकेला आलेल्या जवानांकडून आणि गावोगावच्या पोरांकडून एकच तक्रार आमच्या कानांवर आली. पहिल्या होडीला माणसे येत नाहीत. 'एवढे पाणी येत नाही, २००५ ला जोत्यापर्यंत आले होते, पुढे सरकले नाही' असे म्हणून कर्ती माणसे घरात राहतात. जनावरे आहेत, मोटारी नदीवर आहेत, कणगीत धान्य आहे, ही कारणे खोटी नाहीत. पण २०१९ चे पाणी २००५ च्या खुणेवर थांबले नाही. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ते त्या पातळीच्या वर गेले. मग रात्री, वीज गेलेली असताना, त्याच माणसांसाठी होडी किंवा हेलिकॉप्टर मागवावे लागले. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली आणि बायामाणसे, पोरे बुडाली. ते दुःख आपल्या सगळ्यांचे आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे. जो माणूस वेळेवर निघत नाही, तो केवळ स्वतःचा जीव टांगणीला लावत नाही. त्याच्यासाठी चार-पाच अनोळखी माणसांना वाईट हवेत, विजेच्या तारांवरून, अंधारत्या उजेडात यावे लागते. त्यांनाही घर आहे. कॅस्टेलिनो यांनाही बोरिवलीत घर होते. ज्यांना खरोखर दुसरी वाट नव्हती त्यांच्यासाठी ते गेले. आपल्याला तर पहिल्या दिवशी रस्ता उघडा असतो.

हेलिकॉप्टर हा शेवटचा उपाय आहे. २७ जुलै २०१९ रोजी मुंबईहून कोल्हापूरला येणारी महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पाण्यात अडकली. गाडीत सुमारे १,०५० माणसे होती, त्यांत आपल्या भागातलीही बरीच. हेलिकॉप्टर पाठवण्यात आली होती, पण प्रवाशांना बाहेर काढले ते मुख्यतः एनडीआरएफच्या होड्यांनी आणि स्थानिक लोकांच्या मदतीने. होडीत बसून निघता येत असेल तर आभाळाकडे बघत बसू नये.

हेलिकॉप्टर आलेच तर काय करावे

पुढील गोष्टी घरातल्या सर्वांना, विशेषतः शाळकरी मुलांना, वाचून दाखवाव्यात.

१. पंख्याचा वारा वावटळीसारखा असतो. गच्चीवर किंवा छपरावर सुटे पत्रे, पत्र्यावरचे दगड, ताडपत्री, कडब्याच्या पेंढ्या, पोती ठेवू नयेत. उडालेला पत्रा पात्याला लागला तर यंत्र खाली येईल. बायकांनी पदर खोचून घ्यावा, टोप्या-मुंडासी काढून हातात घ्यावीत.

२. मदत हवी असेल तर दोन्ही हात वर करून फाकवून उभे राहावे. नुसता एक हात हलवला तर वरच्या माणसाला वाटते की तुम्ही नमस्कार करत आहात. भडक रंगाची साडी किंवा धोतर घट्ट बांधून ठेवले तर लांबून दिसते, पण ते सुटे फडकत ठेवू नये.

३. दोरी खाली आली की झडप घालू नये. हेलिकॉप्टरच्या फिरण्याने तिच्यात वीज साठलेली असते. दोरीचा आकडा आधी पाण्याला किंवा जमिनीला टेकू द्यावा, मग हात लावावा. दोरी खांबाला, गजाला कशालाही बांधू नये. यंत्र हलले की घरासकट ओढ बसते.

४. खाली उतरलेला जवान ज्याला म्हणेल तो आधी जाईल. सहसा आजारी, गरोदर बाई, लहान मुले आणि म्हातारी माणसे आधी. सरपंच असो, संचालक असो की आम्ही असो, तिथे मानपान नाही.

५. गाठोडी, ट्रंक, गॅसची टाकी, कोंबड्या काही घेऊ नये. औषधे, चष्मा, सात-बारा, आधार, पासबुक एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ती अंगाशी बांधावी. एवढे पुरे.

६. हेलिकॉप्टर जमिनीवर उतरले तर मागच्या शेपटीकडे कधीही जाऊ नये. तिथला छोटा पंखा फिरताना दिसत नाही. पंखा थांबेपर्यंत किंवा जवान हात करील तोपर्यंत बसून राहावे, आणि तो दाखवील त्याच बाजूने वाकून जावे.

७. उतरायला अर्ध्या-पाऊण एकराची मोकळी, घट्ट, उंच जागा लागते. शाळेचे मैदान, खळ्याची जागा, माळावरचे पडीक रान चालते. आजूबाजूला विजेच्या तारा किंवा उंच झाडे नकोत. असली जागा गावाने पावसाळ्याआधी हेरून तलाठ्याला सांगून ठेवावी.

८. फोटो काढायला आणि बघायला गर्दी करू नये. गर्दी दिसली की वैमानिक खाली येत नाही, आणि त्याचे बरोबर आहे.

पाऊस लागण्याआधी

जनावरांचा प्रश्न खरा आहे आणि त्याला उत्तरही आधीच काढावे लागते. पाणी गावात शिरण्याची वाट न पाहता नदी पात्राबाहेर पडली की दावी सोडून जनावरे उंचावरच्या पाहुण्यांकडे किंवा छावणीत हलवावीत. हलवता आलीच नाहीत तर निदान दावी कापून मोकळी सोडावीत. बांधलेले जनावर बुडते, मोकळे जनावर पुष्कळदा तरते. नदीवरची मोटार आणि स्टार्टर पाऊस लागताच वर काढून ठेवावा. पूर चढत असताना मोटार काढायला नदीत उतरू नये. मोटार कर्ज काढून पुन्हा घेता येते.

उसाचीही काळजी करू नका असे आम्ही म्हणत नाही. पाणी ओसरल्यावर कोणता ऊस ठेवायचा, कोणता मोडायचा, वाढ्याला कुजव लागली असेल तर काय करायचे, पंचनाम्याच्या वेळी गट नंबर आणि नोंद कशी दाखवायची, हे सगळे आम्ही शेतावर येऊन सांगू. ते आमचे काम आहे. पण शेतावर येऊन आम्हाला भेटायला सभासद पाहिजे.

प्रत्येक नदीकाठच्या गावातून आम्हाला एक यादी हवी आहे. अंथरुणाला खिळलेली माणसे, डायलिसिसचे किंवा रोजच्या इंजेक्शनचे रोगी, पावसाळ्यात दिवस भरणाऱ्या बाया आणि एकटी राहणारी म्हातारी माणसे यांची नावे, घराची खूण आणि फोन नंबर यांसह ही यादी करावी. ती ग्रामपंचायतीत द्यावी आणि एक प्रत आपल्या गट ऑफिसात चिटबॉयकडे द्यावी. ऊसतोडणीच्या पाळीपत्रकासाठी आपण जेवढा पाठपुरावा करता, त्याच्या निम्मा या यादीसाठी केला तरी काम होईल. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा फोन १०७७ आहे. तो भिंतीवर, मोटारीच्या पेटीवर आणि पोरांच्या वहीवर लिहून ठेवावा. एनडीआरएफची एक तुकडी पुण्याजवळ सुदुंबरे येथे कायम असते. तिथून आपल्याकडे यायला काही तास लागतात, ते तास हिशेबात धरूनच निरोप लवकर द्यावा.

बोरिवलीत, मुलुंडला, घाटकोपरला असणाऱ्या आपल्या मंडळींनाही हा अंक पाठवावा. फोनवरून 'आबा, पाणी किती आले?' असे विचारण्यापेक्षा 'आबा, निघालात का?' असे त्यांनी विचारावे. म्हातारी माणसे आमचे ऐकत नाहीत, मुलाचे पुष्कळदा ऐकतात.

याद्या मृग नक्षत्र निघण्यापूर्वी गट ऑफिसात पोचाव्यात अशी विनंती आहे.

आपला,
ऊस विकास अधिकारी,
शेतकी खाते